बोटभर

घर जागेतून उगवतं, असं उरेहोला सर म्हणायचे,
आणि सांतियागोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात
आम्ही अठ्ठावीस जण ते वहीत उतरवून घ्यायचो.
उतार. वारा. ऊन कुठून येतं, पाणी कुठे मुरतं.
मग मी चिलोए बेटावर आले
आणि एक घर जागा सोडून चाललेलं पाहिलं.

तसं मला बोलावलं होतं नवं घर काढायला.
दोन्या एर्मिंदा चिगुआय, वय एकाहत्तर.
किनारा दर हिवाळ्यात हातभर खचतो,
घर काठावर आलेलं, हलत्या दातासारखं.
मी पुठ्ठ्याची प्रतिकृती नेली, बोटीत मांडीवर धरून,
ती भिजू नये म्हणून स्वतः भिजत.
समुद्राकडची आख्खी भिंत काचेची.
तीन रात्री जागून सुचली होती.
सुचली म्हणजे काय, तेव्हा वाटलं होतं
वरून कुणीतरी टाकली माझ्या ओंजळीत.

त्यांनी चष्मा लावला. छप्पर उचलून आत पाहिलं,
पातेल्यावरचं झाकण उचलावं तसं.
"समुद्र मी पुष्कळ पाहिलाय," म्हणाल्या.
"त्यानेही आमच्यातले दोघे पाहून घेतलेत.
चुलीपाशी बसलं की फाटकातून कोण येतंय,
ते दिसेल का यात?"

दिसत नव्हतं.
मी फाटक काढलंच नव्हतं.

त्यांना नवं नकोच होतं. जुनंच हवं होतं, जरा वर,
देवळापलीकडे, भावाच्या बटाट्याच्या शेतात.
एलादियो सुतारांनी खांब कापले,
घराखाली दोन लांब ओंडके सारले,
आणि रविवारी इर्जिकीला गाव लोटलं.
तिथे मिंगा म्हणतात. आठ बैलजोड्या, साठेक माणसं,
मजुरी कुणी घेत नाही, जेवून जातात.

मी विचारलं, मी काय करू?
माझ्याकडे मोजपट्टी होती, तीन पेन्सिली होत्या, मतं होती.
एलादियोंनी मला पाहिलं, फळीचा पीळ बघतात तसं.
"तावदानं काढ. गोधडीत गुंडाळ. फोडू नकोस."

अकरा तावदानं.
एकाच्या कोपऱ्यात खिळ्यानं ओरखडलेलं नाव: सेलीन.
मी विचारलं नाही.

मग घर निघालं.
खरंच निघालं. पडदे हलले, धुराडं डुललं,
कोंबड्या मागे धावल्या आपलं दार शोधत.
दोर दोनदा तुटला. एक बैल बसला तो उठेचना.
जुन्या जागी उरलेल्या खड्ड्यांत पाणी भरू लागलं,
उतार, वारा, ऊन, सगळं तिथेच राहिलं.
सर, मग हे चाललंय ते काय?

संध्याकाळी गरम दगडांवर शिंपले वाफत होते,
एलादियो सफरचंदाची दारू पिऊन गात होते, बेसूर.
मी काचा बसवत होते.
दहा बसल्या. अकरावी बसेना.
चौकट वाटेत कलली होती,
एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला फट.
प्रतिकृतीखालची पाईनची पाटी मी कापली.
पट्टी तासली: एका टोकाला बोटभर,
दुसऱ्या टोकाला काहीच नाही.
पहिली आखूड झाली. दुसरी चिरली.
वरून कुणी काही टाकलं नाही.
तिसरी बसली, तेव्हा अंगठ्यातून रक्त येत होतं
आणि मी हसत होते, एकटीच.

दोन्या एर्मिंदा चुलीपाशी बसल्या, बाहेर पाहिलं.
फाटक अजून नव्हतंच. चिखलात दोन बांबू,
भावानं घाईत रोवलेले.
"बरंय," म्हणाल्या. आणि बटाटे सोलू लागल्या.

वर्गात सरांनी माझा तक्ता बराच वेळ पाहिला.
"संकल्पना" या चौकोनात मी ती पट्टी चिकटवली होती,
चिरलेली, दुसरी.
"आणि यात तुझं काय?"
मी बोटानं दाखवलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

परवा एलादियोंचं पत्र आलं.
त्या फटीतून वारा येत नाही, लिहितात.
म्हणजे, येतो थोडासा.