नानुलीचं दुकान

कुताइसीत नानुली आधी भूमिती शिकवायची.
पगार थांबले, वर्गातली शेगडी विझली,
मग ती ट्रॉलीबस चालवू लागली.
मग वीजच गेली.
"बरं झालं," म्हणते,
"नाहीतर अजून त्याच तारेला लोंबकळत असते."

आता बूट शिवते. हाताखाली सहा जणी.
आज एलिसोनं चामडं वाकडं कापलं,
अख्खा तुकडा, महागातला.
मान खाली.
नानुलीनं तो उजेडात धरला, उलटा केला,
खडूनं एक कंस काढला:
"लहान पोराचा होईल की."

गल्ल्यात फारसं काही नसतंच.
दुकानाची किल्ली मात्र रोज
आळीपाळीनं एकेकीच्या घरी जाते.
आज एलिसोचा नंबर होता.
नानुलीनं तो बदलला नाही.

कुलूप लावून एलिसोनं
दोनदा ओढून पाहिलं.