ड्यूटी संपल्यावर

खांबेटेकाकू, आत मी फक्त तुमचा आवाज होते.
नियमच तसा आहे:
डॉक्टर बोलल्या तेवढंच मराठीत,
तुम्ही बोललात तेवढंच इंग्रजीत,
मध्ये माझं म्हणून एक अक्षरही नाही.
आता साडेचार वाजलेत, लेस्टरवर अंधार पडलाय,
गळ्यातलं ओळखपत्र मी पर्समध्ये टाकलंय
आणि तुमच्या बसला अकरा मिनिटं आहेत.

तर ऐका.

त्यांनी विचारलं, कसं वाटतंय?
तुम्ही म्हणालात, "बरं आहे."
मला "बरं आहे"च सांगावं लागलं
आणि त्यांनी ते तसंच टाइप केलं.
काकू, हे "बरं आहे" आपण
दारात उभ्या शेजारणीला म्हणतो,
तिला पुढे जायचं असतं, आपल्यालाही.
इथे ते कागदावर चढतं.
रात्री तीन उशा रचून बसल्या बसल्या झोपता,
जिन्यात पाचव्या पायरीवर
कठडा पुसायचं निमित्त करून थांबता,
हे तुम्ही मला लिफ्टमध्ये सांगितलंत.
लिफ्टमध्ये कोणी लिहून घेत नाही.

दहापैकी किती दुखतं, म्हटल्यावर लाजून "दोन" म्हणालात.
कमी सांगितलं म्हणून इथे कुणी
शहाणी बाई म्हणत नाही.
आकडा सुचत नसेल तर शब्द द्या:
कळ येते, की चमक, की ठणका,
छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड होतं?
माझ्या इंग्रजीत एवढी भांडी नाहीत,
पण ते माझं बघेन मी.
तुम्ही ओतताना हात आखडू नका.

आणि ती पुडी!
पांढरी गोळी सांगितलीत, गुलाबी सांगितलीत,
अर्धी करून घेता ती पिवळीसुद्धा.
कराडच्या वैद्यांची पुडी नाही, अर्जुनाचा काढा नाही.
"ते काय औषध आहे का?"
आहे.
रक्त पातळ करायची गोळी आणि ती पुडी
एकाच पोटात भेटतात,
पटेलच त्यांचं, असं नाही.
सगळं एका पिशवीत घालून आणा, डब्यांसकट.
रागावणार नाहीत.

मागच्या खेपेला नातू आला होता ना?
चौदा वर्षांचा, इंग्रजी फाडफाड.
त्याने तुम्हाला "झडप थोडी सैल आहे" सांगितलं
आणि "ऑपरेशन" हा शब्द
तिथेच खुर्चीखाली टाकून दिला.
आज माझ्या तोंडून तुम्ही तो पहिल्यांदा ऐकलात,
मी तुमचे हात पाहिले.
त्याला बोलू नका काही. पोर घाबरलं असेल.
पण फोनवर प्रत्येक वेळी सांगा,
मला मराठी दुभाषी हवा.
पैसे पडत नाहीत.

आणि मान.
तुमची मान "ऐकतेय" अशी हलते,
त्यांना ती "चालेल" अशी दिसते.
समजलं नाही तर मान धरून ठेवा आणि विचारा,
हे नाही केलं तर काय होईल?
थांबलं तर चालेल का? किती?
रात्री दम लागला तर फोन कुणाला?
घरीच लिहून आणा, विजेच्या बिलामागे लिहा,
आत गेल्यावर सगळ्यांचं डोकं रिकामं होतं.

माझंही झालं.
गेल्या मार्चमध्ये मी त्याच मजल्यावर,
खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला.
भाषा माझी चोख, बावीस वर्षं याच कामात,
डॉक्टरांनी विचारलं, कशी आहेस?
मी इंग्रजीत "बरं आहे" म्हणाले.
घरी येऊन नळ सोडून रडले.

ती बघा, बस आली. पास काढून ठेवा.
मंगळवारी दहा वाजता
मी पुन्हा नुसता तुमचा आवाज असेन,
ओळख दाखवणार नाही, मनावर घेऊ नका.
आवाजाला बोलायला काहीतरी द्या मात्र.
सांभाळून, पायरी ओली आहे.
आणि पुडी, काकू,
पुडी विसरू नका.