स्कॅनर घेताना

कुर्टिला रेडिओजचा डेल्बर्ट
काउंटरवर तीन डबे मांडतो,
चष्मा कपाळावर ढकलतो नि विचारतो,
"ऐकायचंय काय तुला, लेम्पी? आधी ते सांग."

साठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिला डबा सगळं पकडतो म्हणे.
वनखातं, बर्फ काढणाऱ्या गाड्या, डिजिटल बिजिटल,
दोन मनोऱ्यांचे आवाज एकमेकांवर आदळले
तरी अडखळत नाही.
किंमत ऐकून मी हातमोजे पुन्हा चढवले.
"आणि पोलीस?"
"नाताळपासून बंद. कुलूप घातलंय त्यांनी आवाजाला.
किल्ली यातल्या एकाही डब्यापाशी नाही.
खपावा म्हणून खोटं सांगणार नाही."
बरंच झालं, म्हटलं.
कुणाचा पोरगा पिऊन खड्ड्यात गेला
ते रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कळतंच.

दुसरा डबा देखणा. बटणं तांदळाएवढी.
माझ्या बोटांचे पेर पाहून
डेल्बर्टनंच तो मागे सरकवला.

तिसरा वापरलेला,
कोपरा उडालेला, पण खुंटी चांगली गोल, मुठीत मावणारी.

वाइनोचा असाच होता, फ्रिजवर.
आठ लाल दिवे एकामागून एक पळायचे,
कुणी बोललं की जागच्या जागी थांबायचे.
एकतीस वर्षं त्या थांबण्याकडे कान ठेवून
मी बटाटे सोलले.
तो बुटात पाय घालेपर्यंत
मला रस्त्याचं नाव पाठ झालेलं असायचं.
परतताना म्हणायचा एवढंच,
"गाडी दोन, स्टेशनकडे."
की मी कॉफी ठेवायची.
प्रेमाचं म्हणावं असं हेच एक वाक्य आमच्यात,
आणि तेही अख्खी काउंटी ऐकायची.

ऑक्टोबरात वाइनो गेला.
फेब्रुवारीत त्याचा डबा.
पाचवा दिवा लागला तो लागलाच, पुढे सरकेना.

"आगवाल्यांची हाक," मी म्हटलं, "तेवढीच."
डेल्बर्टनं पहिल्या डब्याचं झाकण लावून टाकलं.
"मग महागाचं काय करायचंय?
ती अजून जुन्याच लहरीवर येते."
तिसऱ्यात आकडे भरून दिले,
पावाच्या पिशवीच्या कागदावर लिहूनही दिले.
एरियल खिडकीच्या वर लाव, पत्र्यापासून लांब.
चाळीस डॉलर झाले,
नि वेलदोड्याचा एक गोड पाव, तो मीच कबूल केला.

तीन रात्री नुसती खरखर.
एकदा कुणीतरी माइक तपासला, खोकला.

चौथ्या रात्री दोन सूर, एक खालचा, एक वरचा.
पोटात जुना गोळा उठला.
सालो रोड, एक्क्याऐंशी. वृद्ध पुरुष. पडलेत. शुद्धीवर आहेत.

म्हणजे राइनो. वळणापलीकडचा.
त्याची पाटी जानेवारीपासून बर्फाखाली,
आणि नवखा ड्रायव्हर त्या वळणाला हमखास चुकतो,
सरळ जातो तळ्याकडे. वाइनो शिव्या द्यायचा.

अंगणातला दिवा लावला.
त्याचा कोट चढवला, बाह्या बोटांच्या खाली गेल्या.
टॉर्च घेऊन वळणावर उभी राहिले,
पायजमा बुटात खोचलेला, डोक्याला काही नाही.
गाडी आली. मी टॉर्च हलवला, त्याच्यासारखा,
मोठा, आडवा.
काचेआड एक मुलगी, विशीची असेल, ओळख ना पाळख.
मान हलवून वळली.

घरात येऊन स्कॅनरपाशी बसले, कोट न काढता.
तासाभरानं दिवे थांबले.
राइनोचं माकडहाड शाबूत होतं बहुतेक,
कारण आवाजात घाई नव्हती.
"गाडी दोन, स्टेशनकडे."
तीच मुलगी असणार. वाक्य तेच, सूर कोवळा.

हात केटलीकडे गेलाच.
एका कपाचं पाणी घातलं.
मग खिडकीतून पाहिलं,
राइनोच्या बहिणीचा दिवा अजून जळत होता.
आणखी थोडं घातलं.