कोर्पिवाराच्या फाट्यावर

सकाळी सात वीसला मी मेर्वीच्या दारापुढं टॅक्सी लावतो.
इंजिन चालूच. बाहेर उणे अठ्ठावीस,
आणि डिसेंबरातला हा काळोख
जेवणवेळेपर्यंत जागचा हलायचा नाही.
आउने पायरीवर येते, आत जाते, परत येते, परत आत.
तेवढं धरूनच मी घरून लवकर निघतो.

नगरपालिकेच्या कागदावर तिच्यापुढं दोन शब्द आहेत:
स्वमग्नता. बौद्धिक अक्षमता.
खाली चौकट, प्रवाशाबाबत विशेष सूचना.
तिथं मेर्वीनं लिहिलंय, रेडिओ नको.
आणि मग वेगळ्या शाईत, बहुधा दुसऱ्या दिवशी:
तिला सगळं ऐकू येतं.

स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेली, असं असणार.
मला आरशात दिसते ती बाहेर बुडालेली.
काचेवरच्या बर्फाला नखानं भोक पाडते
आणि नऊ वर्षांचा एक डोळा तिथं लावून बसते.
त्रेचाळीस किलोमीटर, शब्द नाही.
मला चालतं. बायको म्हणायची, ताइस्तो,
तुझ्याकडून बोलणं काढण्यापरीस
गोठल्या विहिरीतून पाणी काढणं सोपं.
आता तसं म्हणणारंही कुणी नाही.

कोर्पिवाराच्या फाट्यावर एका फळीवर सात टपालपेट्या.
चौथीचं झाकण लोंबतं.
तिथं मी गाडी मंद करतो.
ती एकेक बोट काचेला टेकवते,
आणि सात झाल्या की घशातून एक आवाज येतो,
पातेल्यावर झाकण नीट बसावं तसा.
मग पुढचा रस्ता सुरू होतो.

फेब्रुवारीत ओस्मोच्या बर्फनांगरानं
ती फळीच उडवली.

मला वाटलं, ओरडेल.
तिनं कपाळ काचेवर आपटलं. परत. परत.
मी मागं गेलो, टोपी काढून मध्ये धरली,
ती टोपीवर आपटत राहिली.
माझ्या बोटांना कळत होतं किती जोरानं.
मग मी दिवे मोठे केले आणि
ढिगाऱ्यात हातानं उकरायला लागलो.
पाच सापडल्या. बर्फात ओळीनं रोवल्या,
लोंबत्या झाकणाची चौथी.
सहावीच्या जागी माझा जेवणाचा डबा.
सातवी काही मिळेना.
शेवटी ओळीच्या टोकाला मीच उभा राहिलो,
हात अंगाशी चिकटवून,
बोडक्या डोक्याचा, एकसष्ट वर्षांचा,
सरकारी परवाना असलेला माणूस.

काचेच्या भोकात डोळा आला.
बोटं टेकली: एक, दोन,
चौथीवर जरा जास्त वेळ,
डब्यावरही टेकलं. मग माझ्यावर येऊन थांबलं.
आवाज आला नाही.
पण कपाळ थांबलं होतं.

शाळेत पन्नास मिनिटं उशीर.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, रस्ता.
संध्याकाळी मेर्वीला सांगितलं.
ती आधी हसली, मग दाराची कडी धरून उभी राहिली.
म्हणाली, मग तुला मोजलं का तिनं?
म्हटलं, ठाऊक नाही.
अजून ठाऊक नाही.

एप्रिलात नव्या पेट्या आल्या, करड्या, लोखंडी,
एकसारख्या. आणि नऊ.
तीन आठवडे आउने दुसऱ्या खिडकीला बसली.
मग एका सकाळी आपसूक इकडे सरकली.
काही दिवस नऊ होतात, काही दिवस सातच,
उरलेल्या दोन तशाच राहतात, उघड्या पातेल्यासारख्या,
आणि त्या दिवशी शाळेपर्यंत
माझ्याच जिवाला काहीतरी अर्धं वाटत राहतं.

जुलैत शाळा बंद. रात्रीचे अकरा आणि ऊन.
विमानतळावरून एक परका पाहुणा घेतला,
मासेमारीला आलेला, बोलघेवडा.
फाट्यावर गाडी मंद झाली तसं त्यानं विचारलं,
काय झालं? रेनडिअर आहे का?
म्हटलं, नाही.
मग काय बघताय?
मी मीटर बंद केला.
चौथ्या पेटीवर जरा जास्त वेळ थांबलो.