बारा एकतीस

तेरा मे. शाळांना सुट्टी,
म्हणून भवानी पेठेत पोरं गोळा करावी लागतात
कुल्फीच्या आमिषानं.
यंदा अकरा आली. त्यातली एक माझी.
तांबोळी बाई तीन जिने चढल्या
गुडघ्याला पट्टा बांधून,
दर मजल्यावर थांबत. "नाडी मोजतेय," म्हणाल्या.

महापालिकेच्या शाळेत छत्तीस वर्षं.
प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, किल्ली हरवलेलं,
कडी बाईंनीच उचकटलेली.
रविवारी पिशवी घेऊन जुन्या बाजारात:
फुटक्या दुर्बिणीची भिंगं, टेपची मोटर,
स्पीकरमधलं चुंबक. घासाघीस इतकी
की विकणारा वैतागून विचारायचा,
"याचं करता तरी काय, बाई?"
मग त्यालाच धडा, उभ्या उभ्या.

सातवीत मी विचारलं होतं,
मीठ विरघळलं की पाणी वर चढतं का?
वर्ग हसला.
बाई खडू धरून थांबल्या, बराच वेळ.
"मला माहीत नाही. मोज."
तोवर कुठल्याच मोठ्या माणसाच्या तोंडून
पहिले तीन शब्द मी ऐकले नव्हते.
मोजलं. चढलं, पण मिठाच्या मानानं कमी.
का, ते बाई आठवड्यानं वाचून आल्या,
आणि वर्गाला माझं नाव सांगून सांगितलं.

निवृत्तीनंतर तीच भिंगं पत्र्याच्या पेटीत भरून
वेल्ह्याची एसटी धरायच्या.
कंडक्टर पेटीचंही तिकीट फाडायचा.
परतताना पेटी हलकी असायची;
चुंबकं कुठं कुठं राहायची, बाई मागायच्या नाहीत.

मी भोसरीत शाफ्ट तपासतो.
सुपरवायझर म्हणतो, चालतंय, सोड.
मी पुन्हा व्हर्नियर लावतो.
बढती त्यामुळंच अडली, असं घरात बोलतात.
ते काही मोजलेलं नाही.

बारा एकोणतीस. स्टीलच्या पेल्याची सावली
त्याच्याच बुडाखाली शिरतेय.
तीस.
एकतीस.
पेला, काठी, खराट्याचा दांडा,
कुणाचीच नाही.
पोरं किंचाळली, खालून कुणीतरी शिवी हासडली.
तेवढ्यात माझी म्हणाली,
"बाई, तुमची पडलीय की. पुढं."

पडली होती. वीतभर.
बाईंनी चष्मा सारखा करून पाहिली.
"मी वाकलेय ना," म्हणाल्या,
"सरळ उभं असेल त्याचीच जाते.
लिही वहीत."

पोरगी तापल्या गच्चीवर गुडघे टेकून बसली.
पट्टी तिच्याकडे होतीच.