अर्धी म्हण

मेडिकलची ओपीडी, खोली नंबर अठरा.
पंख्याला तिसरा वेग नाही.
समोर रुखमांगद सोनकुसरे,
कळमन्याच्या बाजारात एकतीस वर्षं
संत्र्यांचा हर्रास पुकारणारा गळा.
पेला दाखवून विचारलं, हे काय?
तर म्हणतात, "ते... ते... मंगळवार."
आणि स्वतःच मान हलवतात, नाही.
चूक कळते, हेच वाईट.

बाहेर पाटी आहे: शांतता राखा.
वाचा गेलेल्यांच्या रांगेवर
कोणी टांगली, ठाऊक नाही.
मौन सोन्याचं असतं म्हणणाऱ्याला
पाणी मागता न येण्याची तहान
कधी लागली नसावी.

एका गुरुवारी कंटाळून
चित्रांचे पत्ते बाजूला सारले
आणि अर्धीच म्हण टाकली टेबलावर:
"बोलणाऱ्याचे हुलगे..."
त्यांनी उजवीकडे पडलेला ओठ कसाबसा गोळा केला:
"विकतात. न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत."
एका दमात. अख्खं.
"बाप्पा!" कौतिकाबाई उभीच राहिली.
"मंग मले चहा काहून मांगत न्हाई थे?"

मी सांगितलं, मेंदूत म्हणींचं घर वेगळं असतं.
नाग नदी घरात शिरली
तरी माळ्यावरची गादी कोरडी राहते, तसं.
तिला पटलं. मला पूर्ण नाही.

तेव्हापासून अर्ध्या म्हणी जमवते,
लोक चिल्लर जमवतात तशा.
मोमिनपुऱ्याच्या मुनीरा खालांना "ज़बान शीरीं" दिलं,
त्यांनी "मुल्कगिरी" परत केलं,
वर एक भुवई उचलून, जणू राज्य अजून त्यांचंच.
सिरोंच्याच्या राजन्नासाठी
लिफ्टवाल्या मल्लेशकडून तळहातावर लिहून घेतलं,
"नोरु मंचिदैते..."
माझा उच्चार ऐकून तो आधी हसला,
मग म्हणाला, "ऊरु मंचिदि."
तोंड चांगलं तर गाव चांगलं.
गाव तीनशे किलोमीटर लांब होतं.

एटापल्लीची जुरी पुंगाटी मात्र
तीन गुरुवार माझ्यासमोर गप्प बसली.
तिच्या भाषेतली अर्धी म्हणही
माझ्या पदरी नव्हती.
वाचा कोणाची गेली होती, ते लिहायला
फॉर्मवर रकाना नसतो.
चौथ्या गुरुवारी नातू आला,
फरशीवर बसून काहीतरी पुटपुटला.
ती दोनच शब्द बोलली.
दोघं इतके हसले की शेजारची सिस्टर डोकावली.
"काय म्हणाली?"
"मॅडम, ते मराठीत होत नाही."
फाईलवर लिहिलं: वाचा आहे.

आणि सोनकुसरे?
मेडिकल चौकात हातगाडीवाला ओरडत होता,
चाळीसला चार, चाळीसला चार.
ते थांबले. काठी रोवली.
कोणी अर्धं दिलेलं नव्हतं,
मागे कोणती म्हण नव्हती.
"महाग,"
म्हणाले.

कौतिकाबाईनं भाव न करता डझनभर घेतली.
हे तिनंच सांगितलं, पुढच्या गुरुवारी,
माझ्या टेबलावर सालं टाकत.