बारा घरं

इर्शाद नदाफच्या मिरजेतल्या दुकानात
टेबलावर चार चिपा,
पाय वर करून पडलेल्या झुरळांसारख्या.
तो एकेक रीडरमध्ये बसवतो, खटका पाडतो.
पडद्यावर डावीकडे एक आवृत्ती, उजवीकडे दुसरी,
जुळत नाही तिथं लाल.

पहिल्या दोन कारखान्यातून आलेल्या.
एक पॉइंट शून्यचा कर्सर सावकाश लुकलुकायचा,
कधीकधी उत्तर यायचं वजा शून्य,
पण कसलीही कॅसेट ती चालवून घ्यायची,
मध्येच कुकरची शिट्टी भरलेलीसुद्धा.
एक पॉइंट दोनमध्ये वजा शून्य गेलं.
कर्सर चपळ. बीप अर्ध्या सुरानं वर,
हे मला नाही, सतारीच्या गल्लीत वाढलेल्या इर्शादला कळलं.
आणि कॅसेट जरा मळकी असली की सरळ नकार.
सुधारलेली माणसं असतात तशी.

उरलेल्या दोन मगदूम सरांनी भरलेल्या,
भिलवडीच्या शाळेत, शहाऐंशी साली.
आमचं काही चुकलं की मशीन म्हणायचं, सिंटॅक्स एरर.
सरांना ते शिवी दिल्यासारखं वाटे.
पण आत जागा वाढवता येत नाही,
एक भिंत ढकलली की पुढचं सगळं कोसळतं.
इंग्रजी अक्षरं, मधल्या मोकळ्या जागेसकट बारा घरं,
मावेल तेवढंच बोला.
एक अख्खा रविवार वहीत चौकटी आखून सरांनी बसवलं:
एन ई ई टी, मोकळं घर,
बी ए जी एच, मोकळं घर,
आर ई.
नीट बघ रे.

खिडकीजवळच्या मशीनवर आम्ही तिघी बसायचो.
तिथं शेवटच्या दोन घरांत जी आणि ए.
नीट बघ गं.
सोळा हजारांत दोन बाइट.
तेवढ्यासाठी सरांनी आणखी एक चिप घेतली, पगारातून.
हे बापू शिपायानं खूप नंतर सांगितलं.
चिपेच्या काचेवर चिकटवायला चांदी तोच द्यायचा,
सिगरेटच्या पाकिटातली.
ऊन लागलं तर विसरते ती, सर म्हणायचे.

मग पूर आला तो आला.
मुलांचं मशीन माळ्यावर होतं, आमचं खाली.
पाणी उतरल्यावर गच्चीवर वाळत घातलं सगळं,
नकाशे, पेटी, प्रयोगशाळेतला सापळा,
आणि झाकण काढलेलं आमचं मशीन.
पंधरा दिवस.
उन्हाचं कुणाला काय वाटणार तेव्हा,
हवंच होतं ते सगळ्यांना.

इर्शाद म्हणतो, मॅडम, एकच आहे लाल.
मी म्हणते, दोन असतील, नीट बघ रे,
आणि म्हटल्यावर माझं मलाच ऐकू येतं.
खरंच एकच.
शेवटचं अक्षर दोन्हीकडे सारखं.

ए म्हणजे पासष्ट, ई म्हणजे एकोणसत्तर.
मधलं चाराचं घर शून्य होतं, त्याचा एक झाला.
पुसलं की शून्य उरतं असं मी समजत होते.
उलटं, तो म्हणतो. ऊन सगळ्याचा एक करतं.
कोरी चिप म्हणजे नुसते एकावर एक.
ही सुरुवात होती, इथून, या एका सैल जागेतून,
तेवढ्यात कुणीतरी मशीन घरात घेतलं असणार.

जी ई.
नीट बघ गे.

असं सर कधी बोलले नसते.
निपाणीकडचं त्यांचं मराठी, त्यात गंसुद्धा कोरडा.
अशी हाक मला कुणीच मारलेली नाही,
ओव्यांत असते ती, आणि आता इथं.

दुरुस्त करू? चार वजा केले की झालं.
शेजारी भोपळ्यावर कानस चाललेली.
ती थांबेपर्यंत मी काही बोलत नाही.
नको. आहे तशी उतरवून घे.
मग आवृत्ती कुठली लिहू?

मी पर्समधलं बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढते,
शेवटची गोळी पाण्याशिवायच गिळते,
आणि मागची चांदी नखानं सोलून
त्याच्यासमोर ठेवते.
आधी खिडकी झाक, म्हणते.